दिव्यांग प्रमाणपत्राची फेरतपासणी आणि अनुदान

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. त्याच्या ४५ टक्क्यांच्या तात्पुरत्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपत आली आहे. फेरतपासणीत टक्केवारी घटली, तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद होईल का? – एक आई, उत्तर नागपूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सिकलसेलसारख्या रक्तविकारांना स्थानच नव्हते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत सिकलसेल आला, ही विदर्भासाठी मोठी गोष्ट होती. मात्र अनुदानासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते, त्यामुळे टक्केवारी त्याखाली गेल्यास पात्रता जाते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झाल्याने हे नुकसानही आता मोठे आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. ही सुधारणा अर्जदाराच्या सोयीची आहे, असे म्हणवत नाही. म्हणून मुदत संपण्याची वाट न पाहता दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज आताच करावा आणि त्याच्या पोचपावतीची प्रत तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत देऊन तिच्यावर आवक शिक्का घ्यावा.

खरी अडचण तपासणीच्या दिवशी येते. सिकलसेलचा रुग्ण तीव्र वेदनांच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळात चालत-बोलत वैद्यकीय मंडळासमोर उभा राहतो आणि त्याचे दुखणे दिसतच नाही. ते कागदांनीच दाखवावे लागते. सिकलसेलचे निदान करणाऱ्या एचपीएलसी या रक्तचाचणीचा अहवाल, नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत भरती झाल्याची प्रत्येक डिस्चार्ज समरी, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि हाडांच्या दुखण्यासाठी काढलेले एक्स-रे तारखेनुसार लावून न्यावेत. ‘वारंवार दुखते’ असे सांगण्यापेक्षा कोणत्या महिन्यात किती दिवस भरती होता, हे दाखवणे उपयोगी पडते.

नव्या नियमांनुसार ४० टक्क्यांखालील व्यक्तीला पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळे आणि ८० टक्के व त्यापुढे निळे दिव्यांग ओळखपत्र (कार्ड) मिळते. पांढरे कार्ड हाती आले किंवा अर्ज नाकारला गेला, तर निर्णयाची कारणे लेखी मागावीत. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. त्या अपिलासोबत हीच फाइल जोडावी.