इफेचे ऊनी आदेसोजी आदेरेमी कोण होते, आणि राजा असूनही ते गव्हर्नर कसे झाले?

नायजेरियातील योरुबा लोक ज्या इले-इफे (इफे) नगरीला आपले मूलस्थान मानतात, तिच्या राजाला ‘ऊनी’ म्हणतात. 1889 मध्ये जन्मलेले आदेरेमी रेल्वेतील नोकरी आणि पुढे व्यापार करून 1930 मध्ये या गादीवर आले आणि 1980 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल 50 वर्षे, तिथेच राहिले. 1932 मध्ये त्यांनी ओदुदुवा कॉलेज ही शाळा काढली.

1960 मध्ये, नायजेरिया स्वतंत्र झाला त्या वर्षी, ते पश्चिम प्रांताचे गव्हर्नर झाले. हे पद नामधारीच राहिले असते; परंतु मे 1962 मध्ये बहुसंख्य आमदारांच्या सह्यांचे पत्र हाती येताच त्यांनी, सभागृहात मतदान न होताच, प्रांताचे प्रीमियर (सरकारचे प्रमुख) अकिंतोला यांना बडतर्फ केले. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेले आणि 1963 मध्ये तिने ही बडतर्फी वैध ठरवली, पण प्रांताने पूर्वलक्षी घटनादुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय हाच. गव्हर्नरपद 1962 मध्येच गेले होते. गादी मात्र राहिली.