बाबांसोबत बसून बघता येतील असे बाप-लेकाच्या नात्यावरचे चित्रपट कोणते?

तुम्ही लिहिलंय की चतुर्थीला गावी जाताय, चार दिवस बाबांबरोबर आहात, गप्पा फारशा होत नाहीत, तेव्हा एकत्र बघता येईल असं काहीतरी हवंय, आणि ते आतून हलवणारं हवंय. या दोन अटी एकमेकींच्या आड येतात, हे आधीच सांगतो. जो चित्रपट मुलाला हलवतो, तो बापाच्या शेजारी बसून बघणं अवघड जातं. आमच्याकडे गोव्यात तरी बाप-लेक शेजारी बसून रडत नाहीत. दोघांपैकी एकजण पाणी प्यायला उठतो.

अशा यादीत हमखास येतात ते बापाच्या त्यागाचे चित्रपट. बाप उपाशी राहिला, मुलाला शिकवलं, मुलगा साहेब होऊन परत आला आणि पाया पडला. डोळे ओले होतात, नाही असं नाही, पण जेवणाची पानं मांडेपर्यंत सुकतातही. मला लागतात ते दुसऱ्या जातीचे चित्रपट: ज्यांत मुलाच्या डोळ्यांदेखत बापाची मान खाली जाते. त्यानंतर तो मुलगा काय करतो, यावर माझ्या लेखी त्या चित्रपटाची किंमत ठरते.

सगळ्यात वरचं नाव 'बायसिकल थीव्ज', १९४८, दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. महायुद्धानंतरचं रोम, जिकडेतिकडे बेकारी. आंतोनिओला भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते, पण स्वतःची सायकल असेल तरच. सायकल तर गहाण पडलेली. मग बायको पलंगावरच्या चादरी काढून गहाण टाकते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन फडताळावर चढायला लागतो, आणि तो जसा वर जातो तशी इतरांच्या चादरींची गाठोडी दिसत जातात, पार छतापर्यंत. अख्ख्या शहराची दशा त्या एका दृश्यात कळते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, आंतोनिओ शिडीवर उभा राहून पोस्टर चिकटवत असताना, सायकल चोरीला जाते.

माझ्या घरात हा चित्रपट जरा जास्तच जवळचा झाला. आम्ही डिचोली तालुक्यातले. बाबांचा खनिजाचा ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला, तेव्हा आमच्या भागात बऱ्याच घरांपुढे असायचा तसा. २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. पुढे थोडंफार सुरू झालं, तर २०१८मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. खाणींनी शेतांत जो गाळ आणला आणि विहिरींचं जे केलं, तेही आम्हीच भोगलंय, त्यामुळे बंदीच्या नावानं मी बोटं मोडत नाही. पण ट्रक दारात उभा राहिला. बाबा रोज सकाळी चहा घेऊन केबिनमध्ये चढायचे, बॅटरी बसू नये म्हणून इंजिन चालू करायचे, थोडा वेळ तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे आणि बंद करून उतरायचे. जायचं कुठेच नसायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि खिडकीतून हे बघायचो.

पुढे कधीतरी लॅपटॉपवर त्यांना 'बायसिकल थीव्ज' लावून दिला. सबटायटल्स इंग्रजी, त्यांना ती वाचायची गरजच पडली नाही. चोरी झाल्यावर म्हणाले, "कुलूप नव्हतं त्या सायकलीला?" नंतर अवाक्षर नाही.

त्यात एक मधला भाग आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. शोधून शोधून वैतागलेला आंतोनिओ आपल्या लहानग्या ब्रूनोला थोबाडीत मारतो. पोरगा रुसून मागे राहतो. तेवढ्यात नदीकडून ओरडा ऐकू येतो, कुणीतरी पोर बुडतंय. आंतोनिओ धावत सुटतो, त्याला वाटतं आपलाच. तो नसतो. मग बाप खिसा न बघता पोराला हॉटेलात नेतो. शेजारच्या टेबलावर श्रीमंत घरातला एक मुलगा चीज ताणून ताणून खात असतो आणि ब्रूनो वळून वळून त्याच्याकडे बघतो. बाप त्याच्या हातात पेन्सिल देऊन गेलेल्या नोकरीत पगार किती पडला असता याचा हिशेब मांडायला लावतो. मार, भीती आणि लाड, तिन्ही एका तासाच्या आत. माफी मागायची नाही, काहीतरी खायला घालायचं, ही रीत आपल्याकडच्या बापांनाही चांगलीच ठाऊक आहे.

शेवट सांगतो, कारण तो कळल्यानं काही बिघडत नाही. आंतोनिओ मुलाला ट्राममधून पुढे जायला सांगतो आणि स्वतः एक सायकल चोरायला जातो. पकडला जातो. लोक धरतात, मारतात, त्याची हॅट खाली पडते. ब्रूनोची ट्राम चुकलेली असते, त्यामुळे हे सगळं त्याच्यासमोर घडतं. तो रडत गर्दीत घुसतो, ती हॅट उचलतो आणि हातानं झटकतो. त्याच्याकडे बघून सायकलवाल्याला दया येते आणि तो आंतोनिओला सोडून देतो. आंतोनिओचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा खराखुरा कारखान्यातला कामगार होता. त्याची चाल बघा. नटाला ती साधायला बरीच वर्षं लागली असती.

त्याच्याही सोळा वर्षं आधीचा यासुजिरो ओझूचा मूकपट आहे, 'आय वॉज बॉर्न, बट...', १९३२. दोन भाऊ नव्या वस्तीतल्या पोरांवर दादागिरी करायला लागतात, आपला बाप सगळ्यांत मोठा याची दोघांना खात्री. एक दिवस साहेबाच्या घरी हौशी कॅमेऱ्यावर काढलेल्या फिल्मा दाखवतात. पडद्यावर त्यांचा बाप साहेबाला हसवण्यासाठी माकडचेष्टा करतोय. सगळे हसतात आणि ही दोन पोरं तेवढी हसत नाहीत. घरी येऊन बापाला विचारतात, तुम्ही त्याच्यापुढे वाकता कशाला? तो पगार देतो म्हणून. मग पोरं जेवण सोडतात. त्यांचा तो सत्याग्रह विनोदी आहे आणि त्याच वेळी बघवतही नाही.

हे बघताना मला आमच्या गावची नाटकं आठवली. जत्रेला देवळापुढे मराठी नाटक होतंच, आणि गोव्यात दिवसभर कचेरीत मान खाली घालून बसणारा माणूस रात्री सिंहासनावर बसून गर्जना करतो. त्याचा मुलगा पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून बघत असतो. ओझूनं त्याच्या नेमकं उलटं केलंय.

'फँड्री', नागराज मंजुळे, २०१३. तुम्ही बघितला असेलच, पण बहुतेकजण शाळकरी जब्याच्या शालूवरच्या प्रेमाची गोष्ट म्हणून बघतात. एकदा जब्याच्या बापासाठी, कचरूसाठी बघा. किशोर कदमनं केलेला हा बाप सतत वाकलेला आहे: पाटलापुढे, पोराटोरांपुढेही. मुलीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून गावातली डुकरं धरायचं काम घेतो आणि सगळ्या घरादाराला त्या कामाला लावतो. जब्या मात्र लपतो, कारण शाळेतली मुलं बघतायत, शालू बघतेय. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. मोठ्या कष्टानं कोंडीत पकडलेलं डुक्कर समोरून चाललंय आणि हे कुटुंब ताठ उभं. थिएटरात त्या जागी काही लोक हसले होते. हसू येतंही, आणि पुढच्या क्षणी आपण नक्की कशाला हसलो असा प्रश्न पडतो.

ब्रूनो बापाची हॅट उचलतो, जब्या बापाला तोंड लपवतो. जब्याचा राग बापावर आहे, कारण जवळ तोच आहे. खरा राग कुणावर काढायचा ते त्याला अगदी शेवटी समजतं, आणि मग तो दगड हातात घेतो. बापानं लेकरासाठी काय केलं असला प्रश्न इथे विचारायची सोयच नाही. कचरूला पोराचं लहानपण परवडत नाही, इतकं ते सरळ आहे.

रॉबेर्तो बेनिन्यीचा 'लाइफ इज ब्यूटिफुल' (१९९७) सगळे सांगतील. त्याला तीन ऑस्कर मिळाले आणि तो गोडबोल्या आहे असा आरोपही झाला. मला तो आवडतो, आणि कारण वरच्याच मुद्द्याचं आहे. तो बाप अख्खा वेळ एकच गोष्ट सांभाळतो: आपली विटंबना मुलाला दिसू नये. छळछावणी म्हणजे खेळ आहे, हजार गुण झाले की खराखुरा रणगाडा बक्षीस. शेवटी सैनिक त्याला बंदुकीच्या धाकानं घेऊन जातो, तेव्हा पेटीत लपलेला मुलगा फटीतून बघतोय हे ओळखून तो डोळा मिचकावतो आणि विदूषकासारखी कवायत करत जातो. पहिला अर्धा भाग जरा लांबलाय, तेवढा सोसा.

सत्यजित रायांचा 'अपूर संसार' (१९५९) मात्र सावकाश, एकट्यानं बघायचा. बाळंतपणात बायको गेली म्हणून अपूनं मुलाचं तोंडही बघितलेलं नाही. पाच वर्षांनी येतो तर तो मुलगा, काजल, त्याला दगड मारतो. अपू खेळणं देतो, पोरगा ते फेकून देतो. बाप म्हणून हा माणूस त्याला नकोच असतो. शेवटी अपूला बाप नाही, मित्र मानून काजल त्याच्याबरोबर निघतो. आमच्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, तारवट्यांच्या, घरांत हे अजून घडतं. महिनोन्महिने दर्यावर असलेला बाप चॉकलेटं घेऊन दारात उभा राहतो आणि मूल आईच्या मागे लपतं. त्या मुलांना काजल समजावून सांगावा लागत नाही.

'उडान' (२०१०, विक्रमादित्य मोटवाने) बाबांसोबत अजिबात लावू नका, तुमचे बाबा कितीही प्रेमळ असले तरी. जमशेदपूरचा तो पोलादी बाप, रोनित रॉय, मुलाला सकाळी पळायला लावतो आणि शर्यतीत हरवतो. शेवटी मुलगा पळतो आणि बापाला तो सापडत नाही. तो बघितल्यावर दोन माणसांनी एकाच खोलीत बसायचं तरी कसं?

आता सोबत बघायचे. बाबा साठीच्या पुढचे असतील तर 'शक्ती' (१९८२) लावा. त्यांनी तो टॉकीजमध्ये बघितलेला असण्याची शक्यता दांडगी आहे, आणि मग ते तुम्हाला तिकीट कसं मिळवलं इथपासून सांगतील. गप्पा होत नाहीत ही तक्रार तिथेच निम्मी मिटते. गुंड एका पोलीस अधिकाऱ्याला फोन करून त्याच्या मुलाला मारायची धमकी देतात, तो म्हणतो मारा, मी कायदा सोडणार नाही, आणि मुलगा ते ऐकतो. पुढचा सगळा चित्रपट त्या एका फोनमुळे घडतो. दिलीपकुमार आणि अमिताभ समोरासमोर असले की बाकीचं सगळं मागे पडतं. गाणी आणि मारामाऱ्या काळाप्रमाणे आहेत, त्या वेळात चहा करा.

'मुक्ती भवन' (२०१६, शुभाशिष भूतियानी) म्हातारपणाचा असूनही रडका नाही. बाप जाहीर करतो की माझी वेळ आली, मला काशीला ने. ऑफिसातून रजा कशीबशी मिळवलेला मुलगा, आदिल हुसेन, त्याच्याबरोबर जाऊन राहतो, आणि तिथेही त्याचा फोन वाजतच असतो. तुम्ही चार दिवसांची रजा काढून येताय, तेव्हा तो फोन ओळखीचा वाटेल. बाबांची तब्येत नाजूक असेल तर मात्र यंदा राहू दे.

आणि चतुर्थीच्या दिवसांत 'व्हेंटिलेटर' (२०१६) नाही बघायचा तर कधी? राजेश मापुसकरांना त्यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरातलं वडीलधारं माणूस व्हेंटिलेटरवर, गणपती तोंडावर, सुतक आलं तर काय या धास्तीत सगळा गोतावळा रुग्णालयात जमलेला. आमच्या वाड्यावरची निम्मी माणसं मला त्यात दिसली, रुग्णालयात डबा कुणी आणायचा यावर वाद घालणाऱ्या काकूसकट. या हसण्याखिदळण्यातच बापाशी बोलणं टाकलेला एक मुलगा आहे, जितेंद्र जोशी. बाप ऐकू शकत नाही अशा वेळी त्याला बोलावंसं वाटतं. हा सगळ्या घरासोबत बघता येतो, आणि कुणी डोळे पुसले तरी गर्दीत खपून जातं.

माझ्या मते पहिल्या दिवशी 'व्हेंटिलेटर', नंतर 'शक्ती'. 'बायसिकल थीव्ज' शेवटच्या रात्रीसाठी ठेवा, तो जेमतेम दीड तासाचा आहे. दुपारी कोणताही लावू नका. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) बघायला आणि नेवऱ्या (करंज्या) खायला कुणी ना कुणी येत राहतं आणि दर वेळी चित्रपट थांबवून परत मागे न्यावा लागतो. गावात चवथीच्या दिवसांत नेट आणि वीज दोन्ही बेभरवशाची, तेव्हा निघण्याआधी उतरवून घ्या, आणि सबटायटल्सचा आकार मोठा करून ठेवा. बाबा चष्मा मागणार नाहीत, नुसतेच बघत बसतील.