माझा विश्वास कमी पडला का ओ, सर?

निपाणीकडच्या एका गावातल्या ताई बेळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या त्या त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) फारच आग्रह धरल्यामुळे. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, आणि लिहू का हे त्यांना विचारूनच लिहितो आहे.) "सलाम सर," म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पन्नाशीच्या अलीकडचं वय, घरी विड्या वळायचं काम. बोलताना पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून वळायच्या, सोडायच्या, पुन्हा वळायच्या. दिवसाला हजाराच्या हिशेबानं वळणाऱ्या हातांना रिकामं बसायची सवयच राहत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगा नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि मागची मातीची भिंत बसली. घर सावरतंय तोवर २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. नवरा दवाखान्यात होता तेव्हा ताईंनी उपास धरला. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला. दफनाला चारच माणसं. पुढे भेटायला आलेल्या, चर्चच्या मंडळीतल्या एका भगिनीनं समजूत घालता घालता म्हटलं, "पूर्ण विश्वासानं मागितलं असतंस तर प्रभूनं दिलं असतं बघ."

"तीन वर्षं झाली, ते बोलणं उशाशी घेऊन झोपतोय सर. माझा विश्वास कमी पडला का ओ?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधीच दिसतो. माणूस गेल्याचं दुःख एकीकडे आणि त्याला आपणच घालवलं हा आरोप दुसरीकडे. दुसरं ओझं देवानं दिलेलं नसतं, आपण माणसांनी दिलेलं असतं. त्या भगिनीच्या मनात वाईट नव्हतं हे मी मानतो, तरीही ते बोलणं चूक होतं, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं.

आधी झोपेचं विचारलं. तीन तास, फार तर चार. जेवण एक वेळ. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या घेतल्या म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडला, असं त्यांना वाटत होतं. पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो. त्यात त्याला विश्वासाची उणीव दिसली नाही.

दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "खऱ्या विश्वासणाऱ्यांच्या घरात असं होत नाही." मी पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, नवरा गेला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तेव्हा रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर पुरं करण्याच्या कामात होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. "त्यांचा विश्वास कुठं कमी होता, सांगा." ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मनोरमेचं मला ठाऊक नव्हतं."

पण खरी गाठ वेगळीच होती, आणि ती सुटायला आणखी दोन भेटी लागल्या. ताईंना देवाचा राग आला होता. राग आला हे देवाला कळू नये म्हणून त्यांनी प्रार्थनाच बंद केली होती. चर्चला जायच्या, गीतं म्हणायच्या, पण एकट्या बसल्या की तोंड उघडायचं नाही.

मी बायबलमधली स्तोत्रसंहिता काढली. तेरावं स्तोत्र, "हे परमेश्वरा, कोठवर?" इथून सुरू होणारं. मग अठ्ठ्याऐंशीवं, जे अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ न घेता. ताईंनी बोट ठेवून वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. "हे पवित्र शास्त्रात आहे?" आहे. वधस्तंभावर प्रभूनं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हटलं, ते शब्दही बाविसाव्या स्तोत्राचे.

मग ईयोब, काही दोष नसताना सगळं गमावलेला बायबलमधला माणूस. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून "तुझंच काहीतरी चुकलं असणार" म्हणाले आणि तिथं घसरले. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं सांगतो. ज्या ईयोबानं इतकी तक्रार केली, त्याच्याबद्दल. तक्रार माणूस कुणाकडे करतो? जो ऐकतो असं त्याला कुठंतरी वाटतं, त्याच्याकडेच. ताईंचा भरवसा गेला नव्हता, तो मुका झाला होता.

घरी जाऊन देवाला पत्र लिहा म्हटलं, गोड भाषेत नको. बचत गटाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांवर, त्यांनी लिहून आणलं. मला एकच ओळ वाचून दाखवली: "तिसऱ्या दिवशी तू उठलास, माझा माणूस का नाही उठवलास?" वाचल्यावर पदर तोंडाला लावून त्या खूप रडल्या. मी आपला मित्र लाजर मेल्यावर रडलेल्या येशूचं काही सांगितलं नाही, ते त्यांना पाठच होतं. मी नुसता बसून राहिलो.

त्या ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी ते मिळेल असं मी मानतो, ताईही मानतात.

आता गोळ्या बंद झाल्या आहेत, झोप बरी आहे. ती भगिनी अजून मंडळीत आहे, दोघी एकाच बाकावर बसतात. पण जोराचा पाऊस लागला की ताईंचा फोन येतो. "सर, नदी रस्त्याला लागलीय." मी विचारतो, सामान वर चढवलं का. मग त्या वही काढतात, मी स्तोत्र काढतो, आणि "कोठवर" तिकडून त्या म्हणतात, इकडून मी.