ट्रॅक्टर, लाईटस्टिक आणि एक रात्र

या महिन्यात दक्षिण कोरियावरची पत्रं इतकी आली, की गुडघेदुखी, वारसा हक्क आणि सातबाऱ्याची पत्रं पुढच्या अंकावर ढकलावी लागली. डिसेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ हे वर्ष त्या देशानं कसं काढलं, हाच बहुतेकांचा विषय. मी उदगीरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. पेपरच्या टेबलावर मुलं कोरियाचं बोलायला लागली तेव्हापासून मी त्या देशावर नजर ठेवून आहे. मालिका मात्र बघत नाही, हे आधीच सांगते.

बाई, तिकडच्या राष्ट्राध्यक्षाने रात्री लष्करी कायदा लावला आणि सकाळपर्यंत काढूनही घेतला. एका रात्रीत असं कसं काय झालं? आमच्याकडे साधी फेरफाराची नोंद उलटवायची तर दोन वर्षं जातात.
*— निवृत्त तलाठी, परभणी*

तलाठीसाहेब, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तिथं कागद पक्का होता. ३ डिसेंबर २०२४ ला रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सक-योल टीव्हीवर आले आणि लष्करी कायदा जाहीर करून बसले. आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते. थोड्या वेळानं फर्मान निघालं: संसदेचं आणि पक्षांचं सगळं कामकाज बंद, वृत्तपत्रं लष्कराच्या ताब्यात, आणि संपावर गेलेल्या डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर यावं. लष्करी कायद्यात मध्येच डॉक्टर कुठून आले, असं वाटेल. त्या सरकारचं डॉक्टरांशी वर्षभर भांडण चाललं होतं, ते त्यांनी तिथंही सोडलं नाही.

आता कागदाचं. त्यांच्या राज्यघटनेचं ७७वं कलम सांगतं, की एकूण खासदारांच्या बहुमतानं मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा उठवावाच लागतो. खासदार ३००, म्हणजे १५१ माणसं सभागृहात पोचणं एवढंच काम. पण दाराशी पोलीस आणि छतावर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं. सभापती वू वन-शिक वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कुंपणावरून चढून आत गेले. विरोधी पक्षनेते ली जे-म्यंग यांनी स्वतःचं चढणं मोबाइलवरून थेट दाखवलं. आत कर्मचाऱ्यांनी टेबलं-सोफे दाराला लावून धरले आणि खिडक्या फोडून आत शिरणाऱ्या सैनिकांवर अग्निशामकाचा फवारा मारला. रात्री एकला १९० खासदारांनी मतदान केलं, १९० विरुद्ध शून्य. त्यात यून यांच्या स्वतःच्या पक्षाचेही काही जण होते. पहाटे साडेचारला कायदा उठला.

पुढचं मात्र तुमच्या फेरफारासारखंच रेंगाळलं. महाभियोगाचा पहिला ठराव ७ डिसेंबरला पडला, कारण सत्ताधारी खासदार उठून निघून गेले. १४ तारखेला २०४ मतांनी तो मंजूर झाला. घटनात्मक न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी ४ एप्रिल २०२५ ला एकमतानं यून यांना पदावरून काढलं. ३ जूनला निवडणूक झाली, ८० टक्क्यांच्या आसपास लोकांनी मतं टाकली आणि कुंपण चढलेले ली जे-म्यंग राष्ट्राध्यक्ष झाले. हा माणूस लहानपणी कारखान्यात मजुरी करायचा. यंत्रात सापडून त्याचा डावा हात कायमचा अधू झाला.

कुणी विचारेल, की लोक मध्यरात्री घराबाहेर का पडले. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना लष्करी अंमल म्हटलं की १९४८ आठवतं: पोलीस ॲक्शन, मग मेजर जनरल जे. एन. चौधरींचा अंमल, आणि रझाकारांपासून सुटका. (ती आठवणही सगळ्या घरांत सारखी नाही. पण तो विषय इथं नको.) कोरियन माणसाला आठवतं ते ग्वांगजू. मे १९८० मध्ये चन दू-ह्वान या सेनाधिकाऱ्यानं लष्करी कायदा देशभर लावला, आणि ग्वांगजू शहरात विरोध करणाऱ्यांवर सैन्यानं गोळ्या चालवल्या. ज्या हान कांग बाईंना २०२४ चं साहित्याचं नोबेल मिळालं, त्या याच शहरात जन्मलेल्या. त्या कत्तलीवर त्यांची कादंबरी आहे. लष्करी कायदा उठल्यावर सहाच दिवसांनी स्टॉकहोममध्ये त्यांनी पारितोषिक स्वीकारलं. एवढा जुळून आलेला योग कादंबरीत घातला असता तर आमच्या वाचनालयातल्या सभासदांनी लेखकाला नावं ठेवली असती.

मी बारावीला आहे. तिकडच्या आंदोलनात मुली कॉन्सर्टच्या लाईटस्टिक घेऊन गाणी म्हणत होत्या, ते व्हिडिओ मी पप्पांना दाखवले. पप्पा म्हणाले, हे कसलं आंदोलन, ही तर जत्रा. खरं काय?
*— एक विद्यार्थिनी, लातूर*

पप्पांना आधी विचार, की आपल्याकडचं कोणतं आंदोलन ढोलकी, पोवाडा किंवा हलगीशिवाय झालंय? शाहिरानं डफावर थाप मारली की ती चळवळ आणि पोरींनी दिवा हलवला की जत्रा, हा न्याय काही पटत नाही.

बाळ, यामागं एक गोष्ट आहे. २०१६ मध्ये पार्क ग्युन-हे राष्ट्राध्यक्ष असताना लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारानं टोमणा मारला, की वारा आला की मेणबत्ती विझतेच. मग लोकांनी सेलवरच्या मेणबत्त्या आणल्या. २०२४ च्या डिसेंबरात तरुण मुलींच्या कपाटात वाऱ्यानं न विझणारी वस्तू तयारच होती. प्रत्येक गाणाऱ्या गटाची लाईटस्टिक, म्हणजे चाहत्यांनी हातात धरायचा दिवा, वेगळी असते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गर्ल्स जनरेशन या गटाचं २००७ चं पहिलंवहिलं गाणं तर आता आंदोलनगीतच झालंय. २०१६ मध्ये राजधानी सोलच्या इह्वा महिला विद्यापीठात पोलीस शिरले, तेव्हा एकमेकींचे हात धरून बसलेल्या मुलींनी ते म्हटलं होतं.

मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त आवडली. ज्यांना थंडीत यायला जमलं नाही, त्यांनी संसदेजवळच्या दुकानांत आधीच पैसे भरून ठेवले. येईल त्यानं नाव सांगून गरम कॉफी न्यायची. आयू या गायिकेनं आपल्या चाहत्यांसाठी असंच खाण्यापिण्याचं बिल आधी भरलं होतं. आता अभ्यासाला बस. लाईटस्टिकची किंमत मी पाहिली आहे. तेवढ्यात तुझ्या मेसचा महिना निघेल.

सोयाबीनला हमीभाव मिळंना, आंदोलनं करून आम्ही थकलाव. कोरियात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीत गेले म्हणं. त्यांना काय मिळालं, ते सांगा.
*— शेतकरी, औसा*

दादा, तुमचं पत्र सगळ्यात आधी उघडलं.

तिथलं भांडण तांदळाचं. बाजारात भाव पडला तर सरकारनं जास्तीचा तांदूळ विकत घ्यावा, असा कायदा संसदेनं केला होता. यून यांनी २०२३ मध्ये तो नाकारला, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचा पहिला नकाराधिकार वापरला तो शेतकऱ्यावरच. महाभियोगानंतर कारभार हंगामी राष्ट्राध्यक्ष हान दक-सू यांच्याकडं आला. सुधारून पाठवलेला कायदा त्यांनीही १९ डिसेंबर २०२४ ला परत धाडला.

त्याच आठवड्यात दक्षिणेकडच्या जल्ला आणि ग्यंगसांग भागांतून ट्रॅक्टर निघाले होते. २१ तारखेला ते सोलच्या वेशीवर, नामतेर्यंग नावाच्या खिंडीत पोचले. पोलिसांनी बसा आडव्या लावून रस्ता अडवला. काही ट्रॅक्टरांच्या काचा फुटल्या. आजवर असं व्हायचं, की शेतकरी अडवले जायचे, दोन दिवस बसायचे आणि परत जायचे. शहराला त्याचं काही नसायचं. या वेळी बातमी फोनवरून पसरली आणि रात्री शेवटच्या मेट्रोनं विशीतल्या-तिशीतल्या पोरी खिंडीत यायला लागल्या. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, पारा शून्याच्या खाली. लांबच्या लोकांनी जेवण पाठवलं. ऊब घ्यायला गरम बसा भाड्यानं करून दिल्या. रात्रभर एकामागून एक माणूस माईकवर येऊन बोलत राहिला. ज्यांनी जन्मात भाताचं रोप हातात धरलं नव्हतं, त्या पोरी तांदळाच्या भावाबद्दल बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पोलिसांनी बसा हलवल्या. काही ट्रॅक्टर शहरात शिरून थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापर्यंत गेले.

त्या ट्रॅक्टर मोर्चाला नाव होतं जन बोंग-जुन यांचं. १८९४ मध्ये जल्लातल्या गोबू गावचा अंमलदार शेतकऱ्यांकडून बंधारा बांधून घ्यायचा आणि वर त्यांच्याकडूनच पाणीपट्टी वसूल करायचा. त्याच्याविरुद्ध उठलेल्या बंडाचे जन बोंग-जुन पुढारी. या बंडामागं दोंगहाक नावाचा धर्मपंथ होता. माणूस हाच देव, त्यात उच्चनीच नाही, अशी त्याची शिकवण. उगमची खिंडीत जपानी बंदुकांपुढं ते बंड चिरडलं गेलं आणि पुढच्या वर्षी जन यांना फाशी झाली. पंथ मात्र छन्दोग्यो या नावानं अजून आहे.

काय मिळालं, ते आता सरळ सांगते. तांदळाचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या सरकारनं मंजूर केला, पण आधीच्यापेक्षा मवाळ करून. आणि ज्या कृषिमंत्रीण बाईंनी जुन्या सरकारात असताना हेच कायदे शेतीचं वाटोळं करतील असं म्हटलं होतं, त्यांनाच नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच खात्यावर ठेवलं. शेतकरी संघटना चिडल्या. खातं गेलं नाही ते गेलं नाही.

आमच्या वेरूळ-अजिंठ्याला कोरियन यात्रेकरू येतात, भक्तिभावाने नमस्कार करतात. तो देश बौद्धच ना? मग तिथे ख्रिस्ती पाद्री आणि मांत्रिक यांच्याच बातम्या का?
*— एक उपासक, छत्रपती संभाजीनगर*

जय भीम. २०१५ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त, म्हणजे ५६ टक्के लोकांनी धर्म नाही असं लिहिलं. प्रोटेस्टंट २० टक्क्यांच्या घरात, बौद्ध साडेपंधरा आणि कॅथलिक आठच्या आसपास. तेव्हा बौद्ध देश म्हणता येणार नाही. बौद्ध वारसा मात्र डोंगराडोंगरात आहे.

त्यातला एक २०२५ मध्ये जळाला. मार्चमध्ये ऊईसंग जिल्ह्यात वणवा पेटला. कुणीतरी पूर्वजांच्या थडग्यापाशी लावलेल्या आगीची ठिणगी उडाली, असा संशय. वाऱ्यानं तो समुद्रापर्यंत गेला. त्या आठवड्यातल्या वणव्यांत तीसच्या आसपास माणसं गेली. ६८१ साली स्थापन झालेला गोउनसा विहार त्यात सापडला. ओढ्यावर खांबांवर उभी असलेली लाकडी इमारत राख झाली. दगडी बुद्धमूर्ती भिक्खूंनी आणि कर्मचाऱ्यांनी आधीच हलवली, म्हणून वाचली. घंटा तडकली. ती तडकलेली घंटा राखेत एकटी उभी असलेला फोटो तुम्ही पाहिला असेल.

मांत्रिकांचं म्हणाल, तर यून यांच्या तळहातावर २०२१ च्या प्रचारात ‘राजा’ या अर्थाचं चिनी अक्षर काढलेलं टीव्हीवर दिसलं होतं. लष्करी कायद्याच्या कटात ज्या निवृत्त अधिकाऱ्याचं नाव आलं, तो नोकरी गेल्यावर भविष्य सांगायचा. तपासात आलं, की बैठका एका बर्गरच्या दुकानात झाल्या. यून यांच्या पत्नीला ऑगस्ट २०२५ मध्ये अटक झाली. युनिफिकेशन चर्च या कोरियन धर्मपंथाच्या प्रमुख हान हाक-जा यांना सप्टेंबरमध्ये. चर्चनं एका मांत्रिकाच्या हातून यून यांच्या पत्नीला हार आणि पर्स पोचवल्याचा आरोप झाला. पर्स घेतल्याचं त्यांनी नोव्हेंबरमध्ये कबूल केलं, हार मात्र नाकारला. दुसरीकडं व्हॅटिकनमधल्या कोरियन कार्डिनलनी मार्चमध्ये न्यायालयाला निकाल लवकर द्या असं जाहीर सांगितलं. धर्म दोन्ही बाजूंना होता.

क्रीडाशिक्षक म्हणून विचारतो: एवढासा देश खेळात पुढे कसा? संघटनांचं राजकारण तिथे नसतं का?
*— क्रीडाशिक्षक, धाराशिव*

असतं हो सर, चांगलं असतं. बॅडमिंटनची आन से-यंग घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला सुवर्ण जिंकलं आणि त्याच दिवशी तिनं संघटनेचे वाभाडे काढले: गुडघ्याच्या दुखण्याकडं नीट पाहिलं नाही, आता तुमच्याबरोबर राहणं अवघड आहे. राष्ट्रीय संघात आल्यापासून सात वर्षं ती वरिष्ठांची साफसफाई, धुणी आणि रॅकेटच्या ताराही करायची, हेही बाहेर आलं. बूटसुद्धा प्रायोजकाचेच घालायची सक्ती होती. सरकारनं चौकशी लावली, संघटनेचा अध्यक्ष बदलला, बुटांची सक्ती सुटली. २०२५ मध्ये पोरीनं एका वर्षात अकरा स्पर्धा जिंकल्या, त्यात दिल्लीची इंडिया ओपनही आली.

उलट उदाहरण तिरंदाजीचं. टोकियोत तीन सुवर्णपदकं मिळवणारी आन सान पॅरिसच्या संघात नव्हती, कारण निवड चाचणीत ती मागं पडली. जुन्या पदकाला तिथं गुण नसतात. गेलेल्या तिघीही ऑलिंपिकला नव्या, आणि सांघिक सुवर्ण सलग दहाव्यांदा आणलं. तुमच्या तालुक्यातल्या निवड समितीला हे वाचून दाखवा, पण बदलीची तयारी ठेवून.

आणि कबड्डी विसरू नका. २०१६ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात कोरियानं आपल्याला ३४-३२ असं हरवलं होतं.

बीटीएस परत कधी? आणि ते राक्षसांना मारणाऱ्या गायिकांचं ॲनिमेशन कोरियन आहे की अमेरिकन?
*— तीन मैत्रिणी, नांदेड*

बीटीएस या गटातले सातही गायक जून २०२५ पर्यंत सक्तीच्या लष्करी सेवेतून मोकळे झाले. ‘केपॉप डीमन हंटर्स’ अमेरिकन स्टुडिओचं, दिग्दर्शिका कोरियन वंशाची, गोष्ट कोरियन मांत्रिक बायांच्या परंपरेवरची. वरच्या उपासक काकांचं उत्तरही वाचा.

शेंद्र्याला कोरियन साहेबांच्या हाताखाली कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीत ते गप्पा मारतात. त्यांना यून चांगले की ली, असं विचारू का?
*— एक कामगार, छत्रपती संभाजीनगर*

अजिबात नको. निवडणुकीत ली यांना ४९ टक्के मतं पडली आणि विरोधातल्या दोघांची बेरीज त्याच्या आसपासच जाते. साहेब कुठल्या बाजूचे, हे तुम्हाला वाढीच्या पत्रावर कळलेलं परवडणार नाही. ग्यंगसांगचे की जल्लाचे, हेही पहिल्याच दिवशी विचारू नका. त्यावरून लोक मत ओळखतात.

बेसबॉल विचारा. २०२५ मध्ये मैदानावर जाऊन सामने पाहणाऱ्यांचा आकडा एक कोटी वीस लाखांच्या वर गेला, आणि देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आत. अंतिम मालिकेत सोलच्या एलजी ट्विन्सनी देजनच्या हान्वा ईगल्सना ४-१ असं हरवलं. ईगल्सनी १९९९ नंतर एकदाही विजेतेपद जिंकलेलं नाही. साहेब देजनचे निघाले तर तो विषय हळू काढा, आणि डब्यातला ठेचा आधी पुढं करा. तिखटाला ते घाबरत नाहीत.