हिमोग्लोबिन जास्त, मग लोह कमी कसं?

प्रश्न : माझे बाबा ५९ वर्षांचे आहेत, एसटीत चालक होते. दोन वर्षांपासून गरम पाण्याने आंघोळ केली की त्यांच्या अंगाला खाज सुटते. मलमं झाली, साबण बदलून झाले. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १८.६, हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ५७.७, पांढऱ्या पेशी १३,२०० आणि प्लेटलेट ६ लाख ८० हजार! लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मात्र कमी. ऑपरेशन पुढे ढकललं. आता 'जॅक-२', 'एरिथ्रोपोएटिन' आणि 'बीसीआर-एबीएल' या तपासण्या सांगितल्यात, कदाचित अस्थिमज्जेचीही. आईने लोहाचं सिरप सुरू केलंय. शेजारचे काका म्हणतात, शिबिरात रक्तदान करा म्हणजे उतरेल. इतक्या तपासण्या कशाला? हा कॅन्सर आहे का? मलाही होईल का? रिपोर्ट सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी आईंना सांगा, डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ते सिरप बंद ठेवा. त्यांनी काळजीपोटीच दिलंय, पण रिपोर्टमधली लाल पेशींची संख्या बघा : ७९ लाख. पुरुषांमध्ये ती साधारण ४५ ते ५५ लाख असते. शिवाय पेशीचा सरासरी आकार ७३, म्हणजे लहान. पंगतीवर पंगती उठल्या की कोठीतला तांदूळ संपतो, तसं हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेने पेशी करता करता साठ्यातलं लोह संपवलंय. अशा वेळी बाहेरून लोह दिलं तर मज्जा आणखी पेशी करेल आणि रक्त आणखी दाट होईल. घरचं रोजचं जेवण चालू द्या, फक्त लोहाचं औषध नको.

मी तेवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघते आहे. असा रिपोर्ट समोर आला की मी एकच गोष्ट शोधते : मज्जा कुणाच्या सांगण्यावरून इतक्या पेशी करतेय, की आपल्या मनाने? फुप्फुसाचा आजार, धूम्रपान किंवा झोपेत श्वास अडकणं यामुळे ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि मज्जा कामाला लागते. मग रक्तात ते संप्रेरक जास्त किंवा निदान नेहमीइतकं सापडतं. मज्जा आपल्या मनाने वागत असेल तर ते कमी झालेलं असतं. लोकांना ही तपासणी फुटकळ वाटते. मला ती फार मोलाची वाटते. फक्त उपचार म्हणून रक्त काढायला सुरुवात होण्याआधी तिचा नमुना द्या. नंतर आकडा बदलू शकतो.

जॅक-२ हे एका जनुकाचं नाव. त्यातल्या एका बदलामुळे प्रथिनात ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअॅलनिन येतं आणि 'पेशी तयार करा' हा निरोप बंदच होत नाही. केंब्रिज, पॅरिस, बाझल आणि बोस्टन इथल्या गटांनी २००५ मध्ये हा बदल जवळजवळ एकाच वेळी दाखवला. मज्जा आपल्या मनाने जास्त लाल पेशी करते त्या पॉलिसायथेमिया व्हेरा या आजाराच्या शंभरातल्या सुमारे ९५ जणांत तो सापडतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत त्याच जनुकाच्या 'एक्झॉन १२' या भागात बदल असतो, म्हणून पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला की लगेच सुटलो असं समजू नका. आणि पॉझिटिव्ह आला तरी तेवढ्यावर आजाराचं नाव ठरत नाही. नुसत्या प्लेटलेट वाढणाऱ्या किंवा मज्जेत तंतू साठणाऱ्या आजारातही निम्म्याहून अधिक रुग्णांत हाच बदल असतो.

बीसीआर-एबीएल ही तपासणी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा दुसरा कॅन्सर नाही ना, हे बघण्यासाठी. त्याचे उपचार अगदी वेगळे आहेत.

मज्जेच्या तपासणीला बाबा घाबरले असतील. कमरेच्या हाडापाशी भूल देऊन ती करतात. हिमोग्लोबिन १८.५ च्या वर, जॅक-२ पॉझिटिव्ह आणि एरिथ्रोपोएटिन कमी असेल, तर निदानासाठी कधी कधी मज्जा पाहावी लागत नाही. बाबा त्या रेषेवरच आहेत. पण मज्जेत तंतू किती आहेत हे तिथेच कळतं. निर्णय रक्तविकारतज्ज्ञांना घेऊ द्या.

कॅन्सर? आजार पॉलिसायथेमिया व्हेराच ठरला तर हो, जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्ताच्या कॅन्सरमध्येच धरते. हे तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. पण तो संथ चालणारा आहे, उपचार घेत अनेक जण वर्षानुवर्षं चांगलं जगतात. खरी भीती रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याची. इटलीत ३६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवलेल्यांना गुठळ्यांचं आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण बरंच कमी झालं. बाबांचा ५७.७ आहे, म्हणून महिनाभर थांबू नका. एका बाजूची ताकद जाणं, अचानक कमी दिसणं, छातीत किंवा पोटात जोराचं दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

काकांना सांगा, शिबिरात नको. हे रक्त दुसऱ्याला चालत नाही. रक्त काढायचंच, पण रुग्णालयात, मोजून. तुमच्यापुरतं म्हणाल तर हा बदल सहसा आईवडिलांकडून येत नाही, तो मज्जेतल्या एखाद्या पेशीत घडतो. तक्रार नसेल तर तुमची तपासणी नको.

एक शेवटचं, माझ्या अनुभवातलं. आमच्याकडे चौदा लाख प्लेटलेट असलेल्या एका आजींचा पोटॅशियम ६.४ आला. मी तो तसाच कळवला आणि त्यांना रात्री अतिदक्षता विभागात हलवलं. नळीत रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर आलं होतं, आजींच्या अंगात ते ४.३ च होतं. त्या रात्रीची त्यांची भेदरलेली नजर मी विसरलेले नाही. बाबांचा पोटॅशियम जास्त दिसला तर डॉक्टरांना प्लेटलेटचा आकडा आठवणीने सांगा आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत पुन्हा तपासायचं का, ते विचारा.