भाषणातले ते काका

नमस्कार. तुमचं पत्र तीनदा वाचलं. मुलगी अकरावी आर्ट्सला, आठवीपासून वक्तृत्व स्पर्धा करते, भाषणं तुम्ही लिहून देता, जिल्ह्यात दुसरा नंबर आला, आणि दिवाळीपासून मात्र स्टेजचं नाव काढलं की ती खोलीत जाऊन बसते. म्हणून तुम्ही विचारताय की पब्लिक स्पीकिंगचा कोणता क्लास लावू आणि पुढे लॉला घालायचंय तर तयारी कशी करू.

क्लास लावू नका.

पत्रात मध्येच तुम्ही एक ओळ लिहिलीय, अगदी कौतुकाने. शेतकरी आत्महत्येवरच्या भाषणात "माझ्या सख्ख्या काकांनी फास घेतला" असं तुम्ही घातलं होतं, खरं तर तिला काकाच नाहीत, आणि भाषण संपल्यावर प्रेक्षकांतली एक मुलगी रडत येऊन तिच्या गळ्यात पडली, "माझे पप्पा पण गेल्या वर्षी असेच गेले" म्हणाली. तुम्ही हे भाषण किती प्रभावी झालं ते सांगायला लिहिलंय. पण दादा, त्या क्षणी तुमच्या लेकीला काय वाटलं असेल? समोरची पोरगी खरं दुःख घेऊन आली आणि हिच्याकडे द्यायला होतं ते खोटं, तेही बाबांनी लिहून दिलेलं, आणि वर त्याच भाषणाला ट्रॉफी मिळाली. तारखा तुम्हीच दिल्यात, त्या स्पर्धेनंतर ती एकदाही उभी राहिलेली नाही. याला तुम्ही आत्मविश्वास गेला म्हणताय, मला वाटतं तिला लाज वाटतेय, आणि सोळाव्या वर्षी अशी लाज वाटणारी मुलगी मला फार आवडली.

तुम्ही म्हणाल स्पर्धेत सगळेच करतात, परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायलाच हवं. पाणी यायला माझी ना नाही, भावनेशिवाय कोणाचं मत बदलत नाही. पण ऐकणाऱ्याला उद्या सगळं खरं कळलं तर तो काय म्हणेल, हे लिहितानाच विचारायचं. "फसवलं" म्हणणार असेल तर ते वाक्य काढायचं, मग ते कितीही टाळ्या घेणारं असो. आकड्यांचंही तेच. "दर इतक्या मिनिटाला एक शेतकरी" हे व्हॉट्सॲपवरून उचललंय ना? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात शेतकरी आणि शेतमजूर वेगवेगळे मोजलेले असतात, ते तक्ते तिच्यासोबत बसून बघा आणि कुठल्या वर्षाचा आकडा आहे तेही भाषणात सांगू द्या.

आता लॉ. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, त्यासाठी एमएच सीईटी लॉ किंवा क्लॅट ही प्रवेश परीक्षा, पदवी करून गेली तर तीन वर्षांचा, एवढंच आहे ते. पण "बोलते छान म्हणून वकील होईल" हा समज डोक्यातून काढा. वकिलाचा बहुतेक वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो, दावा, कैफियत, अर्ज, जुने निकाल, कागदांचे गठ्ठे. कोर्टात आवाज चढवून शेर म्हटला की न्यायाधीश विचारतात, पुरावा कुठल्या पानावर आहे? तिथे खोटे काका चालत नाहीत. तिला लॉ हवंय का, हे पूर्ण पत्रात एकदाही आलेलं नाही, तेव्हा आधी तिलाच विचारा.

पटवून देणारं भाषण कसं असतं ते बघायचं तर बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949चं संविधान सभेतलं भाषण दोघांनी मिळून वाचा. सुरुवातीला चक्क हिशोब आहे, मसुदा समिती 141 दिवस बसली, सुमारे 7,635 दुरुस्त्या आल्या, 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मग श्रेय स्वतःकडे न ठेवता संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मसुद्याचे मुख्य लेखनकार एस. एन. मुखर्जी यांना नाव घेऊन दिलंय. विरोधकांची टीका लपवलेली नाही, कम्युनिस्ट आणि समाजवादी काय म्हणतात ते सांगून उत्तर दिलंय. आणि एवढं सगळं झाल्यावर मग पुढच्या धोक्यांचे इशारे येतात, म्हणून ते आजही काळजाला भिडतात.

आणि तुमच्या घरात दोन एकर कांदा आहे हो! तिने काढणीला हात लावलाय, बाजार समितीतून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, तिने पाहिलीय, भाव काय लागला, हमाली तोलाई किती कापली, वरून गाडीभाडं गेलं, हातात काय उरलं. ती एक पट्टी घेऊन तिला सात मिनिटं बोलता येईल, उसनं दुःख लागणारच नाही. कांदा महागला की शहरातल्या गिऱ्हाइकाचंही कंबरडं मोडतं, हेही तिने स्वतःहून मांडावं आणि मग आपलं म्हणणं सांगावं. शेवटी ऐकणाऱ्याने नक्की काय करावं ते एकच मागावं. पाठांतर नको, कार्डावर पाचेक मुद्दे पुरेत, आणि लिहायचं तिने, तुम्ही फक्त ऐकायचं.

पण हे सगळं ती हो म्हणाली तर. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत तुम्ही परस्पर नाव दिलंय ते आजच काढून घ्या. आणि आज रात्री जेवण झाल्यावर तिला एवढंच म्हणा की ते काका मी लिहायला नको होते, माझं चुकलं. त्या दुसऱ्या मुलीला शोधून खरं सांगायचं का, कसं सांगायचं, हे तिला ठरवू द्या, आणि ती जायचं म्हणाली तर सोबत जा.