लिव्हर कॅन्सर आणि जीन्सचा रिस्क स्कोअर: तुमचे प्रश्न

प्रश्न: बाबांना लिव्हरचा कॅन्सर आहे. मेटाबॉलिझमच्या जीन्सवरून पेशंट किती जगेल ते कळतं असं वाचलं. खरंय का?

एकट्या बाबांचं नाही कळत, हे आधीच सांगतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीत कुठले जीन्स किती चालू आहेत ते मोजतात, बहुतेक वेळा टीसीजीए नावाचा, कॅन्सरच्या गाठींच्या जीन्सचा सगळ्यांना खुला असलेला डेटा वापरतात, त्यात लिव्हर कॅन्सरचे साधारण 370 पेशंट आहेत, मग कॉम्प्युटरवर छाटत छाटत मूठभर जीन्स उरतात, प्रत्येकाला वजन देऊन बेरीज केली की झाला रिस्क स्कोअर. बऱ्याचदा बरोबर मधोमध रेघ मारतात, वरचे हाय रिस्क, खालचे लो रिस्क. हाय रिस्कवाले एकूणात कमी जगतात हे दिसतं, पण त्यांच्यातही काही जण वर्षानुवर्षं जगलेले असतात. बाबांचे महिने त्यावरून मोजत बसू नका.

प्रश्न: पण मेटाबॉलिझमचेच जीन्स का?

कारण लिव्हरचं मुख्य कामच ते आहे. साखर साठवायची, लागेल तशी सोडायची, अमोनियाचा युरिया करायचा, औषधं मोडायची. पेशी कॅन्सरची झाली की ही कामं सोडून नुसती वाढायच्या मागे लागते. निरोगी लिव्हरपेशीत साखर वापरायला घेणारं ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम असतं, रक्तात साखर भरपूर असली तरच ते जोरात चालतं. कॅन्सरमध्ये ते मागे पडतं आणि त्याजागी हेक्सोकायनेज 2 येतं, ते थोडीशी साखर असली तरी ओढतच राहतं! जी6पीडी नावाचं एन्झाइम वाढतं, त्यातून नवीन डीएनएसाठी कच्चा माल मिळतो. उलट युरिया बनवायला लागणारं सीपीएस1 हे एन्झाइम बऱ्याच गाठींत कमी होतं. म्हणजे पेशी मूळ कामापासून किती लांब गेली ते या जीन्सवरून कळतं, आणि जितकी लांब तितका कॅन्सर सहसा जास्त आक्रमक.

प्रश्न: मग प्रत्येक पेपरमध्ये जीन्स वेगळे कसे?

बरेच जीन्स एकत्रच वर-खाली होतात, त्यामुळे पेशंट थोडे बदलले की यादी बदलते. मी दोनच गोष्टी बघतो. स्कोअर दुसऱ्याच पेशंटवर तपासलाय का, आणि स्टेज, एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा रक्तात वाढणारं प्रोटीन), लिव्हर फंक्शन यातून जे आधीच कळतं त्यापेक्षा जास्त काही सांगतो का. या दुसऱ्या गोष्टीत बरेच स्कोअर अडकतात.

प्रश्न: ही टेस्ट करून घ्यावी का?

आत्ता नको. सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन त्यात व्रण पडणं) असेल तर निदान बऱ्याचदा सीटी किंवा एमआरआयवरच होतं, बायॉप्सी होतच नाही, मग मोजायला गाठीचा तुकडा आणणार कुठून? त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा की गाठी किती नि केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्यात का, चाइल्ड-प्यू, म्हणजे लिव्हर किती काम करतंय त्याची श्रेणी, ए, बी की सी. ट्रीटमेंट त्यावर ठरते.

प्रश्न: साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल ना?

नाही हो. तुम्ही खाल्लं नाही तरी शरीर स्वतः ग्लुकोज बनवतं, त्यासाठी स्नायू मोडतं, आणि स्नायू गेले की पेशंटला ट्रीटमेंट झेपत नाही. पोटभर जेवू द्या, प्रोटीन किती ते डाएटिशियनला विचारून ठरवा.